बदल पेलणाऱ्या माहिती प्रणालीसाठी अलॉय, टीएलए प्लस की इव्हेंट-बी?

मराठवाड्यातील एखादी सहकारी पतसंस्था, साखर कारखाना किंवा बाजार समिती यांच्यासाठी नोंदींची प्रणाली उभारणाऱ्याने औपचारिक पद्धत (प्रणालीचे मॉडेल गणिती भाषेत मांडून त्यातील चुका आधीच शोधण्याची रीत) निवडण्याआधी आपल्याकडे नेमके काय बदलते, हे ठरवावे. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी परभणीतून नव्या जालना जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला, आणि अलीकडे औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावेच बदलली. गावासमोर जिल्ह्याचा एकच रकाना असेल, तर १९७५ साली परतूरला जन्मलेल्या सभासदाचा तेव्हाचा जिल्हाही जालनाच दिसेल.

अशा प्रश्नांना अलॉय सर्वांत सोयीचे आहे. एमआयटीत डॅनियल जॅक्सन यांच्या गटाने घडवलेल्या या भाषेत ‘कोणत्याही एका दिवशी तालुका एकाच जिल्ह्यात असतो’ अशी अट लिहिली, की ती मोडणारे उदाहरण साधन स्वतः शोधते आणि आकृतीत दाखवते. उस्मानाबादचे धाराशिव होणे म्हणजे त्याच जिल्ह्याला नवे नाव मिळणे, तर लातूर होणे म्हणजे नवा जिल्हाच जन्मणे. नावालाच ओळख मानणाऱ्या रचनेत हा भेद हरवतो आणि अलॉयमध्ये तो तासाभरात उघडा पडू शकतो. शोध मात्र आपण ठरवलेल्या लहान आकारापुरताच चालतो, त्यामुळे प्रतिउदाहरण न सापडणे ही सिद्धता नव्हे. २०२१ मधील सहाव्या आवृत्तीपासून प्रणालीची काळानुसार बदलणारी अवस्थाही, म्हणजे त्या-त्या क्षणीची स्थिती, थेट मांडता येते.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या भाषेचा भर घटनांच्या क्रमावर आहे. जुनी आणि नवी प्रणाली काही काळ समांतर चालणार असेल, मध्येच शाखेचे इंटरनेट जाणार असेल आणि तीच पावती दोनदा पोहोचण्याची शक्यता असेल, तर टीएलसी हे तपासणी साधन मॉडेलच्या मर्यादेतील सर्व अवस्था धुंडाळून चुकीचा क्रम पायरीपायरीने दाखवते. ॲमेझॉनचे अभियंते २०११ पासून ही पद्धत वापरत आले आहेत. मॉडेल मोठे झाले की अवस्थांची संख्या आवाक्याबाहेर जाते, हा तिचा जुनाच त्रास.

इव्हेंट-बी या तिसऱ्या पद्धतीत अमूर्त मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने तपशील वाढवत प्रत्येक टप्पा गणिताने सिद्ध करावा लागतो. तिची पूर्वसूरी असलेली बी पद्धत पॅरिस मेट्रोच्या १९९८ मध्ये सुरू झालेल्या चालकविरहित १४ क्रमांकाच्या मार्गासाठी वापरली गेली, आणि तिथे ती शोभते. वरच्या टप्प्यातील नियम बदलला, की खालच्या सिद्धता पुन्हा तपासाव्या लागतात. बऱ्याच आपोआप सुटतात, उरलेल्यांना जाणकार माणूस लागतो. शासन निर्णयागणिक नियम बदलणाऱ्या संस्थेच्या तीन-चार जणांच्या गटाला हा खर्च परवडेल असे मला वाटत नाही. अशा गटाने अलॉयपासून सुरुवात करावी आणि टीएलए प्लस फक्त जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाण्याच्या आराखड्यापुरते घ्यावे.

यांपैकी कोणतीही पद्धत इतिहास आपोआप जपत नाही. परिपत्रक मागील तारखेपासून लागू होण्याची आपल्याकडची रीत पाहता, प्रत्येक नोंदीला ‘कधीपासून लागू’ आणि ‘कधी नोंदवली’ असे दोन वेगळे काळ हवेत. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या २०११ च्या मानकात दोन्हींची सोय आहे, पण निवडलेला डेटाबेस त्यातले किती पाळतो हे मॉडेल लिहिण्याआधीच तपासून घ्यावे.