लॉडनमची बाटली: फासे टाकायचे की सौदा करायचा?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये 1880च्या दशकातल्या लंडनचं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) रचलं, की लॉडनमच्या, म्हणजे दारूत विरघळवलेल्या अफूच्या, व्यसनाचे नियम लवकरच आडवे येतात. साधारण दोन वाटा असतात. पहिली फाशांची: दर डोसमागे कॉन्स्टिट्यूशनवर (पात्राच्या प्रकृतीच्या आकड्यावर) फासे, हुकले की व्यसन एक पायरी वर, आणि डोस मिळाला नाही की प्रत्येक फाशाला वजा दोन. दुसरी सौद्याची: व्यसन खेळाडूनेच कॅरेक्टर बनवताना घेतलेलं असतं. ऐन मोक्याला गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, बाटली पुढे करतो. घेतली तर लगेच फायदा. नाकारली तर बक्षीस म्हणून पुढे खेळात वापरायचं एक टोकन, आणि सोबत तलफ.

मी दोन्ही चालवल्यात. फाशांच्या बाजूने बरंच बोलता येईल. गेममास्टरवर पक्षपाताचा आळ येत नाही, आणि आपण ठरवलं नव्हतं तरी अडकलो हा धक्का फाशांतच बसतो. ऐन मारामारीत ते वजा दोन सगळेच विसरतात, पण तेवढं चालवून घेता येतं.

मला खटकलं ते वेगळंच. हा नियम एकदा कळला की खेळाडू बाटलीला हातच लावत नाहीत. गोळी लागलेला डिटेक्टिव्ह कण्हत पडून राहील, पण लॉडनम नको म्हणेल, कारण शीटवर (पात्राच्या नोंदींच्या कागदावर) पुढे काय होणार ते त्याच्या खेळाडूला पाठ आहे. त्या काळच्या माणसाच्या हातात अशी शीट नव्हती. 1868च्या फार्मसी ॲक्टने अफूची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांकडे दिली, बाटलीवर ‘विष’ असं लिहायला लावलं. प्रिस्क्रिप्शन मात्र तेव्हाही लागत नव्हतं. खोकला, जुलाब, दातदुखी, झोप न लागणं, सगळ्यावर हाच उतारा. आणि आमच्या टेबलावरचं लंडन? अख्खं शहर निर्व्यसनी! व्यसन खेळात आणायला केलेला नियमच त्याला बाहेर ठेवत होता.

सौद्यात बाटली उघडते. रात्रभर जागलेल्या सर्जनचा हात थरथरतोय, रुग्ण समोर आहे, मी डोस पुढे करतो आणि टेबलावर ‘घे’, ‘नको’ असा गलका होतो. तोच फायदा पुढच्या वेळी दोन डोसांना, मग तीन. माझा लेखी नियम एवढाच. टोकनांसाठी व्यसन मिरवणारा एखादा लबाड निघतो, हे खरं; टोकनांना सेशनपुरती मर्यादा घातली की तोही निवळतो.

गर्प्स या रोलप्लेइंग गेमसारखी गुणांची पद्धत (कॅरेक्टर गुणांनी बनवायचं, दोष घेतला की जास्तीचे गुण) वापरत असाल तर एक अडचण आहे. तिथे कायदेशीर आणि स्वस्त व्यसनाला कमी गुण मिळतात, आणि लॉडनम तेव्हा दोन्ही होतं.

कुठलीही वाट घ्या, एकच तक्ता सगळ्या पदार्थांना लावू नका. अफू सुटताना घाम, उलट्या, अंगदुखी. कोकेन सुटताना मुख्यतः मन खचतं. 1885च्या डॉक्टरच्या बॅगेत कोकेन शोभतं, कारण आदल्याच वर्षी ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल म्हणून आलं होतं. हेरॉइन मात्र 1898च्या आधी बाजारात नाही.

कॅम्पेन अफू-कोकेनवर निर्बंध आणणाऱ्या 1920च्या डेंजरस ड्रग्ज ॲक्टनंतरचं असेल तर फासे कदाचित जास्त जमतील. तिथे पात्रांनाही बाटलीची धास्ती असणारच. त्याआधीच्या काळासाठी मी तरी सौदाच घेईन. कुणाच्या घरात व्यसनाचा खरा त्रास होऊन गेला असेल, तर पहिल्या सेशनआधी एकेकट्याला विचारून घ्या. सौद्यात निदान ज्याला नको त्याच्यापुढे बाटली येतच नाही.