समुद्रातून परतलेली एलन: तीन चित्रपटांपैकी आधी कोणता पाहावा?

समुद्रात नाहीशी झालेल्या बायकोची नवरा काही वर्षं वाट पाहतो. मग कोर्टात जाऊन तिला कायद्यानं मृत ठरवून घेतो आणि लगेच त्याच न्यायाधीशासमोर दुसरं लग्न लावतो. नेमकी त्याच दिवशी ती बायको धडधाकट घरी परत येते. अंगणात तिची दोन मुलं खेळत असतात, आणि त्यांना आई ओळखू येत नाही.

ही गोष्ट हॉलिवूडनं तीनदा सांगायला घेतली. १९४० चा ‘माय फेव्हरिट वाइफ’ पूर्ण झाला. १९६२ चा मेरिलिन मन्रोचा ‘समथिंग्ज गॉट टू गिव्ह’ अर्ध्यावर राहिला. १९६३ साली तीच गोष्ट डॉरिस डेला घेऊन ‘मूव्ह ओव्हर, डार्लिंग’ या नावानं पुरी झाली. जुन्या विनोदी चित्रपटांची आवड असलेल्यांना प्रश्न पडतो की तिन्ही पाहायची गरज आहे का, आणि मन्रोसाठी म्हणून आलो असलो तर थेट त्या अपुऱ्या चित्रपटाकडेच का जाऊ नये? मी थेट तिथेच गेलो होतो. ती चूक होती, म्हणून हे लिहितो आहे.

गोष्टीचं मूळ इंग्रज कवी टेनिसनच्या १८६४ मधल्या ‘ईनॉक आर्डन’ या दीर्घकवितेत आहे. त्यात खलाशी नवरा अनेक वर्षांनी परततो, बायकोचा दुसरा संसार सुखाचा चाललेला पाहतो आणि तिला काहीच न कळवता मनातच झुरून मरतो. चित्रपटवाल्यांनी ती उलटी केली. परत येणारी बाई झाली, आणि ती गप्प बसणारी नाही. आडनाव मात्र आर्डनच ठेवलं. तिन्ही चित्रपटांत बायको एलन, नवरा निक आणि नवी नवरी बियांका.

पहिल्या चित्रपटात आयरीन डन आणि कॅरी ग्रँट आहेत. कृष्णधवल, ८८ मिनिटांचा. निर्माता लिओ मॅकॅरी. या दोघांना घेऊन १९३७ साली ‘द ऑफुल ट्रुथ’ करून त्यानं दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवलं होतं. हाही तोच करणार होता, पण मोटार अपघातात जबर जखमी झाला आणि काम तरुण गार्सन केनिनकडे गेलं. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. पूर्वार्ध चेंडूसारखा उसळतो, उत्तरार्ध मधूनमधून रेंगाळतो. तो वर उचलला जावा म्हणून मॅकॅरीनं बरा झाल्यावर चिडक्या न्यायाधीशाला पुन्हा आणलं, आणि त्या प्रसंगानं खरोखरच चित्रपट सावरला.

पण हा चित्रपट पाहायचा तो लिफ्टसाठी. निक नव्या बायकोला घेऊन हनिमूनच्या हॉटेलात आला आहे. लिफ्टचं दार बंद होत असताना समोर त्याला मेलेली बायको उभी दिसते. ग्रँट एक शब्द बोलत नाही. दार जसजसं मिटत जातं तसतसा तो कमरेतून वाकत, मान तिरकी करत उरलेल्या फटीतून तिला पाहत राहतो. इतका साधा प्रसंग, आणि नंतरच्या दोन्ही निकना त्याची सर नाही. शिवाय एलन अडकली होती त्या बेटावर तिच्याबरोबर एक देखणा पुरुषही होता, हे निकला कळतं तेव्हाची त्याची घालमेल पाहण्यासारखी आहे. तो पुरुष रँडॉल्फ स्कॉट. खऱ्या आयुष्यात ग्रँटचा मित्र, काही वर्षं दोघं एकाच घरात राहिलेले. त्यामुळे दोघांच्या प्रसंगांत एक मोकळेपणा आहे.

आता मधला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं २३ एप्रिल १९६२ ला चित्रीकरण सुरू केलं. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर, नायक डीन मार्टिन, बियांकाच्या भूमिकेत सिड चॅरिस. निकच्या घराचा सेट क्यूकरच्या स्वतःच्या घरावरून उभारलेला. ननॅली जॉन्सननं लिहिलेली पटकथा मन्रोला आवडली होती. क्यूकरनं ती दुसऱ्या लेखकाकडून बदलून घ्यायला सुरुवात केली आणि नवी पानं ऐन चित्रीकरणात येत राहिली. मन्रो सायनसच्या त्रासानं आणि तापानं आजारी. ती नसेल त्या दिवशी क्यूकर इतरांचे प्रसंग उरकायचा. त्यातच १९ मे ला ती न्यूयॉर्कला जाऊन राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या समारंभात गायली. आजारी बाई तिकडे जाऊ शकते आणि सेटवर येऊ शकत नाही, असं स्टुडिओला वाटलं. १ जूनला सेटवर तिचा छत्तिसावा वाढदिवस झाला. तो तिचा तिथला शेवटचा दिवस. ८ जूनला तिला काढून टाकल्याचं जाहीर झालं.

सगळा दोष तिच्या माथी मारायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. तेव्हा फॉक्सचं दिवाळं काढत होता रोममध्ये चाललेला ‘क्लिओपात्रा’. नायिका एलिझाबेथ टेलरच्या आजारपणांसकट त्याचा खर्च अखेर चार कोटी डॉलरच्या पुढे गेला. टेलरचा करार दहा लाखांचा, मन्रोला जुन्या करारानं एक लाख. रोमचा चित्रपट थांबवणं स्टुडिओला परवडणारं नव्हतं, हॉलिवूडमधला हा लहानसा विनोदी चित्रपट थांबवता येत होता. तिच्या जागी ली रेमिकला आणलं, तर सहकलाकाराला संमती देण्याचा हक्क करारात असलेल्या डीन मार्टिननं साफ नकार दिला. चित्रपट मन्रोबरोबर करायचं ठरलं होतं, दुसऱ्या कुणाबरोबर नाही, हे त्याचं म्हणणं. त्याबद्दल स्टुडिओनं त्याच्यावर दावा लावला, तरी तो हलला नाही. पुढे तिला परत घ्यायच्या वाटाघाटी झाल्या, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती गेली.

उरलं ते काही तासांचं कच्चं चित्रण. ते अनेक वर्षं फॉक्सच्या गोदामात पडून होतं. त्यातून ३७ मिनिटांची सलग जुळणी झाली आणि २००१ च्या ‘मेरिलिन मन्रो: द फायनल डेज’ या माहितीपटाच्या शेवटी ती पाहायला मिळते. तिला शेवट नाही, मधले दुवे गळालेले आहेत. लोक ती बहुधा तरणतलावाच्या प्रसंगासाठी शोधतात. रात्री एलन तलावात उतरते आणि वर खिडकीत बियांकाबरोबर अडकलेल्या निकला हाका मारते. चित्रीकरणात मन्रोनं अंगाच्या रंगाचा पोहण्याचा पोशाखही काढून टाकला, छायाचित्रकारांना येऊ दिलं, आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवरून टेलरला हटवलं.

माझ्या मते या ३७ मिनिटांतली खरी मोलाची गोष्ट मात्र दुपारच्या उन्हात आहे. एलन घरी येते, मुलं तलावात खेळत असतात. ती काठावर बसून त्यांच्याशी बोलते. आपण कोण हे सांगता येत नाही. १९४० मध्ये आयरीन डननं हा प्रसंग फार सुंदर केला आहे, पण ती सावरलेली आहे, डोळे पुसून पुढच्या खोडीला लागणारी. मन्रो तशी सावरत नाही. हसते, हसताना चेहरा थोडा थांबतो, मग पुन्हा हसते. अनाथालयात आणि परक्यांच्या घरी वाढलेली, स्वतःला मूल व्हावं ही इच्छा अपुरी राहिलेली बाई हे करते आहे, हे माहीत नसतानाही तो चेहरा लक्षात राहतो. काढून टाकल्याच्या बातम्यांत जिचं वर्णन ‘काम करण्याच्या अवस्थेत नव्हती’ असं झालं, तिचं हे काम आहे. बेशिस्त, हरवलेली नटी पाहायला मिळेल असं समजून कुणी बसणार असेल, तर ती इथे नाही.

पण थेट इथूनच सुरुवात केली की हातात फक्त तुकडे येतात. कोर्टातला गोंधळ, दुसरा पुरुष, चपलांच्या दुकानातल्या बापड्या माणसाला ‘बेटावरचा सोबती’ म्हणून निकपुढे उभं करण्याची एलनची युक्ती, हे सगळं आधी माहीत असेल तरच तुकडे जुळतात. हा दुकानदार तिन्ही चित्रपटांत आहे. मधल्यात तो वॅली कॉक्सनं केला आहे आणि तो प्रसंग अपुरा चित्रपटही किती जमला असता हे दाखवतो. तिसऱ्यात डॉन नॉट्स तेच काम अधिक घाबरटपणे करतो, आणि त्याचा थरकाप मला जास्त आवडला.

तिसरा, म्हणजे ‘मूव्ह ओव्हर, डार्लिंग’, १०३ मिनिटांचा, रंगीत, दिग्दर्शक मायकल गॉर्डन. फॉक्सनं मधल्या चित्रपटासाठी उभारलेला घराचा सेट इथेही कामी आणला. म्हणून मधला पाहून हा पाहिला की ओळखीच्या अंगणात दुसरीच माणसं फिरताना दिसतात, आणि मला ते पहिल्यांदा सहन झालं नाही. नंतर शांतपणे पाहिला तेव्हा डॉरिस डेवर अन्याय करत होतो हे कळलं. ती धडपडते, भिडते, स्वीडिश मालीशवाली बनून सवतीचं अंग रगडते, आणि मोटार धुण्याच्या यंत्रातला प्रसंग तर जीव ओतून करते. मालीशीच्या प्रसंगात निक झालेल्या जेम्स गार्नरनं तिला ओढताना तिच्या बरगड्यांना खरोखरच इजा झाली होती. सासूच्या भूमिकेत थेल्मा रिटर आहे, आणि तिच्यासाठी हा चित्रपट एकदा पाहावाच. मन्रोचा शेवटचा पूर्ण झालेला ‘द मिसफिट्स’, त्यातही तिच्यासोबत रिटर होती. कमतरता एकच: इथे दुःख फार लवकर बाजूला पडतं. मुलांच्या प्रसंगाला जितका वेळ द्यायला हवा तितका मिळत नाही, पळापळीला मात्र भरपूर.

म्हणून माझं सांगणं असं. घरात लहान मुलं, आजी-आजोबा असे सगळे बसणार असतील आणि चित्रपटाच्या इतिहासाशी काही देणंघेणं नसेल, तर डॉरिस डे लावा. रंगीत आहे, गोष्ट शेवटाला जाते, कुणी कंटाळणार नाही. जुना विनोद नव्यानं कळून घ्यायचा असेल, तर १९४० चा पुरेसा आहे. संवाद भराभर येतात, उपशीर्षकं चालू ठेवा.

मन्रोसाठी बसणार असाल, तर एकाच संध्याकाळी आधी १९४० चा आणि लगोलग ३७ मिनिटं. दोन्ही मिळून दोन तासांच्या थोडं वर. डॉरिस डेचा त्या रात्री नको, आठवडाभरानं पाहा. आणि जुळणीकडे उडी मारण्याआधी माहितीपटातलं कच्चं चित्रण जरूर बघा. त्यात एलनला ओळखणाऱ्या कुत्र्याबरोबरचे टेक आहेत. कुत्रा सांगितलेलं काही केल्या करत नाही, टेकमागून टेक वाया जातो, आणि मन्रो दर वेळी त्याच्याजवळ गुडघे टेकून, हसत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.