नवऱ्यासोबत केलेला प्रसूतीपूर्व क्लास: बाळ पाच महिन्यांचं झाल्यावरचा अनुभव

सांगलीत विश्रामबागेत एक फिजिओथेरपिस्ट मॅडम रविवारी सकाळी हा क्लास घेतात. जोडीनंच यायचं, ही त्यांची अट. सातवा लागल्यावर आम्ही नाव घातलं. आता बाळ पाच महिन्यांचं आहे, तेव्हा तिथलं काय खरोखर उपयोगी पडलं ते ठामपणे सांगता येतंय.

सगळ्यात जास्त कामी आलं ते कंबर दाबणं. पहिल्या दिवशी सगळ्या नवऱ्यांचे हात घाबरत घाबरत पाठीवर फिरत होते. "चोळू नका, दाबा," मॅडम म्हणाल्या. तळहाताचा मनगटाकडचा भाग माकडहाडाच्या जरा वर टेकवायचा, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्यायचा आणि कळ ओसरेपर्यंत हात उचलायचा नाही. बाळाच्या डोक्याचा आतून जिथे दाब येतो, त्या हाडाला बाहेरून टेकू मिळतो. माझ्या कळा सगळ्या कंबरेतच होत्या. पलंगाच्या कडेला ओणवी होऊन मी "खाली, अजून खाली" एवढंच म्हणायचे आणि त्याचा हात बरोबर तिथे जायचा. श्वासाचे बरेच प्रकार शिकवले होते. ऐन वेळी आठवला तो फक्त सावकाश, लांब श्वास सोडायचा. तेवढा पुरला.

दुसरं, कळा मोजणं. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर धरायचं. पहिलटकरणीला साधारण पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर विरल्या तर त्या खोट्या कळा. नवरा कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, नोंदी ठेवण्यात पक्का. त्यानं वहीत वेळा लिहिल्या म्हणून आम्ही रात्र घरीच काढली, मी दूधभात खाल्ला, थोडी झोपलेसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर खरी जोराची अवस्था धरतात आणि त्याआधीचा वेळ बराच लांबू शकतो, हे माहीत होतं. सासूबाईंनी "निघा आता"चा घोशा लावला तरी आम्ही डगमगलो नाही. मात्र रक्त गेलं, पाणी हिरवट दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मोजत बसायचं नाही. थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108.

आता तक्रार. आमच्या दवाखान्यानं नवऱ्याला आत सोडू म्हणून सांगितलं होतं आणि ऐन वेळी, पडद्यापलीकडे दुसरी बाई आहे म्हणून, त्याला दारात थांबवलं. त्या बाईचा आडोसा जपायलाच हवा, पण मग आधी तसं सांगा ना! सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत घरातली एक बाई राहू द्यावी, अशी केंद्राची सूचना 2016 पासून आहे. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. म्हणून क्लासचे पैसे भरण्याआधी दवाखान्यात विचारून घ्या: आत कोण येऊ शकतं, कुठपर्यंत, खोली स्वतंत्र आहे का. शेवटच्या क्लासला तासगावहून माझी आई आली होती, म्हणून निभावलं. आत तीच होती आणि तिनं अगदी तस्संच दाबलं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, तेव्हा नवऱ्याबरोबर आईलाही क्लासला न्याच.

कच्ची बाजू म्हणजे सिझर आणि अंगावर पाजणं. सिझरचा विषय घाईत उरकला. आमच्या बॅचमधल्या ज्यांचं सिझर झालं, त्यांना टाके सांभाळून कुशीवर कसं वळायचं हे नर्सकडून शिकावं लागलं. पाजणं बाहुलीवर दाखवलं. तासाभरात बाळाला छातीशी घ्या, चीक टाकू नका, इथवर ठीक. पण बाळानं तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांबायचं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे, हे मला चिरा पडल्यावर कळलं. ते दिवस रडत काढले. रात्री उठून माझ्या पाठीशी उशी लावायला, बाळाची ढेकर काढायला नवरा होता, तो साठवलेल्या रजांच्या जोरावर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही. तेव्हा रजा आतापासूनच राखून ठेवा.

फी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे कळांबद्दल आणि सोबतीबद्दल मोकळेपणानं विचारा. मॅडमना मी कळवलंय की बाळ झाल्यावर, पहिल्याच आठवड्यात, घरी येऊन पाजण्याचं एकदा बघून जा. त्यासाठी वेगळी फी घेतली तरी चालेल.