पैसे भरून घेतलेली शांतता: ठाण्यातल्या अभ्यासिकेचे नऊ महिने

परवा पुन्हा तिमाहीचे पैसे भरायची वेळ आली आणि पहिल्यांदाच मी काउंटरवर थबकले. सप्टेंबरमध्ये डोळे झाकून भरले होते, डिसेंबरमध्ये चरफडत भरले होते. मार्चमध्ये परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे विचार करायला वेळच नव्हता. आता सीएच्या परीक्षेचा ग्रुप वन देऊन झालाय, तर सविस्तर लिहिते. ठाण्यात अभ्यासाला जागा शोधणाऱ्यांचे पैसे आणि त्याहून जास्त त्यांची डोकी वाचावीत, एवढीच इच्छा आहे.

माझी गरज आधी सांगते, म्हणजे माझं मत तुम्हाला लागू पडतं का ते कळेल. कळव्याला आमचं वन रूम किचन. भाऊ दहावीत, आजीला कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, वाशीला. साडेसहाला सुटले की ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे, तिथून अभ्यासिका आणि रात्री साडेदहाच्या सुमाराची स्लो पकडून घरी. म्हणजे मला संध्याकाळी साडेसातनंतरचे तीन तास हवे होते आणि रविवार पूर्ण.

फुकटचे पर्याय सगळे करून बघितले. उपवन तलाव पहाटे फार सुंदर असतो, पण मी जायचे रविवारी नऊ वाजता, तेव्हा तिथे बसून उजळणी होते, गणितं होत नाहीत. तलावपाळीला संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. कॉफी शॉपमध्ये दोन तास बसायचं तर पावणेदोनशे रुपयांची कॉफी, आठवड्यातून चारदा परवडत नाही. वाचनाच्या बाबतीत ठाणं काही नवखं गाव नाही. नगर वाचन मंदिर 1850 सालचं, मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. एमपीएससी-यूपीएससीवाल्यांनी तर महापालिकेने 1987 मध्ये सुरू केलेल्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत आधी चौकशी करावी, मगच खासगी ठिकाणी पाकीट उघडावं. माझी अडचण वेळेची होती. रात्री साडेदहापर्यंत रोज एक ठरलेली खुर्ची हवी, तर खासगीशिवाय इलाज नव्हता.

म्हणून स्टेशनपासून सात मिनिटांवर, दुकानांच्या वर तिसऱ्या मजल्यावरची ही जागा घेतली. 64 खुर्च्या, ठरलेली खुर्ची महिन्याला 2,000, तीन महिने एकदम भरले तर 5,400. एसी, वायफाय, लॉकर, फिल्टरचं पाणी हे सगळं आहे. ते सगळीकडेच असतं, त्यावर वेळ घालवत नाही. स्वच्छता मात्र मनापासून सांगण्यासारखी. तिथल्या मावशी दर दोन तासांनी बाथरूम बघतात. पहिल्या महिन्यात मी इतकी खूश होते की ऑफिसमधल्या दोघींना इथे यायला लावलं.

दाराकडे लक्ष गेलं ते दिवाळीनंतर. माझी खुर्ची 14 नंबरची, दारापासून चौथी. अ‍ॅल्युमिनियमचं दार, वर ते आपोआप लावणारा डोअर क्लोजर. हे दार दिवसेंदिवस जास्तच धाडकन लागायला लागलं. मी कन्सॉलिडेशनचं, म्हणजे एका समूहातल्या कंपन्यांचे हिशोब एकत्र मांडायचं, गणित करत असे. गुडविल काढून झालं, नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टचा आकडा डोक्यात धरलाय, तो कागदावर उतरवायच्या आधी धाड! आकडा गेला. पुन्हा वरून सुरुवात. एका रविवारी मी वहीच्या समासात रेघा मारल्या. दहा ते एक या तीन तासांत दार 71 वेळा आपटलं. 64 माणसं, प्रत्येकाला पाणी, चहा, फोन. त्यात कुणाचाच दोष नाही, माणूस दारातूनच जाणार.

दारावर पाटी होती, ‘कृपया शांतता राखा’. मालकांशी पहिल्यांदा बोलले तेव्हा ते म्हणाले, “अहो ताई, मुलांनाच सांगा ना, दार हळू लावा म्हणून.” मी म्हटलं, “दादा, क्लोजरचं दार हाताने कोण लावतं? ते आपलं आपणच लागतं, म्हणून तर ते बसवतात.”

मग मी त्या क्लोजरची माहिती काढली. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. स्प्रिंग दार ओढते, तेल त्याला अडवतं. बाजूला साधारण दोन स्क्रू असतात, एक दार किती वेगाने फिरावं यासाठी, दुसरा शेवटच्या चार बोटांत किती वेगाने बसावं यासाठी. नीट असेल तर स्क्रू जरासा फिरवला की काम होतं. पण तेल गळून गेलं असेल तर स्क्रू कितीही आवळा, उपयोग शून्य, क्लोजरच बदलावा लागतो. मी स्टुलावर चढून बघितलं. क्लोजरखाली तपकिरी ओघळ, त्यावर धूळ बसून काजळीसारखा थर झालेला. म्हणजे कित्येक महिने तेल गळत होतं.

फोटो काढून मालकांना पाठवला. उत्तर आलं, “माणूस उद्या येतोय.” तो उद्या डिसेंबरमध्ये उगवला नाही. एका मुलाने जुन्या स्लिपरचा तुकडा कापून चौकटीला चिकटवला. नऊ दिवस स्वर्ग होता, मग तो निघून पडला.

दरम्यान मालकांनी मला मोबाइलवर आवाज मोजून दाखवला. 43 डेसिबल. “शांतता क्षेत्राला दिवसा 50 चालतात, आपण त्याच्याही खाली आहोत.” आकडा खरा आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा 50 आणि रात्री 40 हीच मर्यादा आहे. पण ती काही काळाची सरासरी असते, आणि अर्ध्या सेकंदाचा धाड तासाभराच्या सरासरीत विरघळून जातो. डोक्यात तो विरघळत नाही. माझा स्वतःचा पुरावा ट्रान्स हार्बरचा आहे. ठाण्यातून सुटणारी गाडी, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. डब्यात अभ्यासिकेपेक्षा कितीतरी जास्त आवाज असतो. तरी ऑडिटचे स्टँडर्ड्स मी ठाणे ते वाशी याच गाडीत पाठ केले, कारण तिथला आवाज एकसारखा असतो, पाच मिनिटांत कान तो सोडून देतो.

जानेवारीत मी अर्ज लिहिला आणि 23 जणांच्या सह्या घेतल्या. अर्जात हिशोबही मांडला. तिमाहीच्या दराने धरलं तरी खुर्चीमागे महिना 1,800, निम्म्या खुर्च्या भरल्या तरी 57,600. आणि क्लोजर हजार-बाराशेचा. आम्ही इथे शांततेचेच पैसे भरतो, खुर्ची तर घरीही आहे, हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. माझी पहिली तक्रार ते नवा क्लोजर, मध्ये अकरा आठवडे गेले. बसवायला बारा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघत होते.

यानंतर माझं मत बदललं, तेही लिहायला हवं. क्लोजर बदलला त्याच आठवड्यात मालकांनी स्वतःहून सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावल्या आणि पाण्याचा कूलर हॉलमधून बाहेर पॅसेजमध्ये नेला. हे आम्ही मागितलंही नव्हतं. फेब्रुवारी ते मे इतका सलग अभ्यास माझा आयुष्यात कधी झाला नव्हता. एका बैठकीत तीन तासांचा पूर्ण पेपर सोडवून उठायचे. मला वाटायचं मालकांना फिकीर नाही. फिकीर होती, पण ते दिवसभर खाली दुकानात असायचे, तो आवाज त्यांनी कधी खुर्चीत बसून ऐकलाच नव्हता. मी त्यांना पहिल्याच दिवशी 14 नंबरवर अर्धा तास बसवायला हवं होतं. पण अकरा आठवडे गेले ते गेलेच, त्यासाठी माझ्याकडून त्यांना पूर्ण गुण मिळणार नाहीत.

कुठलीही अभ्यासिका घ्यायला जाल तर दुपारी रिकामी असताना बघू नका, संध्याकाळी आठला जा. दारापाशी दहा मिनिटं उभे राहा. मान वर करून क्लोजरखाली ओघळ आहे का बघा. दारापासून निदान सहा खुर्च्या सोडून जागा मागा. घोडबंदरकडे राहत असाल तर स्टेशनजवळची जागा घेऊच नका. कासारवडवलीची माझी मैत्रीण येण्याजाण्यात रोज दोन तास घालवायची, तिने महिन्याभरात सोडली.

मी आता 14 वरून खिडकीजवळच्या 39 वर गेलेय. तिमाहीचं मात्र भरलं नाही, महिन्याचंच भरणार, तीन महिन्यांत सहाशे रुपये जास्त गेले तरी. परवा काउंटरवर पैसे द्यायच्या आधी आत जाऊन चौकटीवरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. मग जूनचे 2,000 दिले.