कागदावर माझे सासरे वारले आहेत

माझे सासरे मिरजेला असतात. रेल्वेतून निवृत्त झाले. दर रविवारी आमच्या सकाळी व्हिडिओ कॉल करतात आणि पहिली पाच मिनिटं कॅमेरा छताकडे धरून बोलतात. अमेरिकेच्या सरकारदरबारी मात्र ते २०१४ साली राजकीय गुंडांच्या मारहाणीत मेले आहेत. त्याच कागदावर त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, अविवाहित आहे. खाली सही त्याचीच.

हे लिहू की नको, यात बरेच महिने गेले. आता लिहितेय, कारण मागच्या गणपतीत एका मुलीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "ताई, नवऱ्याचे कागद नाहीत. एक जण ओळखीचा आहे, आपलाच माणूस, तो करून देतो म्हणतोय. देऊ का पैसे?" आमचे कागद ज्याने केले, माणूस तोच होता की दुसरा, ते मी विचारलंच नाही. शब्द तेच होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. २००७ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत आले, २०१८ मध्ये नागरिक झाले. नवरा २०१५ मध्ये टुरिस्ट व्हिसावर आला. मिरजेतलं वर्कशॉप बुडालं होतं, देणेकरी दारात येत होते. विमानतळावर सहा महिने राहायच्या मुदतीचा शिक्का मिळाला, आणि सातव्या महिन्यात तो एका देशी हॉटेलच्या भटारखान्यात कांदे चिरत होता. याचं मी समर्थन करत नाही, तोही करत नाही. एका गणपतीच्या जेवणाची ऑर्डर पोचवायला आला तेव्हा आमची ओळख झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही म्युनिसिपल ऑफिसात लग्न केलं. लायसन्सचे २८ डॉलर, ७२ तासांची वाट आणि एक साक्षीदार. लग्न अगदी खरं. तरी पुढे याच लग्नावरही प्रश्न विचारले गेले.

आता, मी १४ वर्षं या देशात राहिलेली, शिकलेली बाई. सरळ वकिलाकडे का गेले नाही?

खरं उत्तर आहे लाज. आपल्या मंडळात चहाच्या कपाबरोबर प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, निघते. लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहेत, आणि रांग मोडणाऱ्याबद्दल काय बोलतात ते मी ऐकलेलं होतं. कधीकाळी मीही तसंच बोलले होते. नवऱ्याला कुणी "कुठल्या कंपनीत?" विचारलं की मी मध्येच विषय बदलायची. ज्याला विचारायचं त्याला आधी सांगावं लागतं, आणि सांगायचं तर नव्हतं. असा माणूस कुणाकडे जातो? जो काही न विचारता म्हणतो, "कळलं मला ताई, बोलू नका पुढे," त्याच्याकडे.

तो आमच्याच भागातला, कोल्हापूरकडचा. ओक ट्री रोडच्या, म्हणजे इथल्या देशी बाजाराच्या, आसपास जिना चढून एक खोली. भिंतीवर गणपती, आणि शेजारी फ्रेममध्ये नोटरी पब्लिकचं प्रमाणपत्र. त्या फ्रेमने अर्धं काम केलं. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून बसलेला, अनेक वर्षं वकिली केलेला माणूस. इथे नोटरी म्हणजे सही तुमच्यासमोर झाली एवढं सांगणारा. जवळपास कुणालाही होता येतं, कायद्याशी संबंध असावा लागत नाही. स्पॅनिश बोलणारे लोक 'नोतारिओ' या शब्दावर असेच फसतात, हे मला नंतर कळलं. त्यांच्या देशातही तो शब्द मोठा आहे.

त्याने आम्हाला सांगितलं, "ओव्हरस्टे झालाय ना, मुदत संपून राहिलेत, मग नुसत्या लग्नावर होत नाही. आधी स्टेटस जिवंत करावं लागतं. मग लग्नाची फाइल." जिवंत करणं! शब्द इतका डॉक्टरी वाटला की मला पटला. आणि जाता जाता म्हणाला, "वकिलाकडे जाऊ नका. वकील कोर्टाचा माणूस, त्याला वर कळवावं लागतं." हे सपशेल खोटं आहे. अशिलाने सांगितलेलं गुप्त ठेवायला वकील बांधलेला असतो. पण आमच्या भीतीला हेच ऐकायचं होतं.

३,५०० डॉलर त्याची फी, १,४०० 'सरकारी फी'. सगळं रोख. नवऱ्याने जिथे पिवळे बाण चिकटवले होते तिथे सह्या केल्या. वरची पानं "ऑफिसात टाइप होतील". सरकारी टपाल कुठे येणार? "केअर ऑफ माझं ऑफिस. तुम्ही घर बदललंत तर पत्रं हरवतात." मला तेव्हा ही सोय वाटली.

त्याने भरला होता आय-५८९, म्हणजे असायलमचा, राजकीय आश्रयाचा अर्ज. हा शब्द त्याने आमच्यासमोर एकदाही उच्चारला नाही. तो म्हणायचा 'प्रोटेक्शन फाइल'. आणि २०२२ मध्ये त्या अर्जाला सरकारी फी शून्य होती. त्यावरून पहिल्यांदा मिळणाऱ्या वर्क परमिटलाही शून्य. १,४०० डॉलर कसले, ते त्याचं त्यालाच माहीत.

असायलमच का, हे समजून घ्या, कारण यातच सगळी मेख आहे. अर्ज पडून १५० दिवस झाले की वर्क परमिट मागता येतं. गोष्ट खरी की खोटी हे तोवर कुणी तपासलेलं नसतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात एक खरंखुरं सरकारी कार्ड पडतं, आणि गिऱ्हाईक पायाशी येतं. आम्हीही गेलो. २०२३ च्या सुरुवातीला कार्ड आलं, पाठोपाठ सोशल सिक्युरिटी नंबर आला. नवरा आठ वर्षांत पहिल्यांदा ताठ चालला. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिना चढले. त्या कार्डावर कॅटेगरी म्हणून 'सी०८' छापलेलं होतं. सी०८ म्हणजे असायलमचा अर्ज प्रलंबित. बायकोच्या अर्जावरून ग्रीन कार्डाची फाइल असती तर तिथे 'सी०९' असतं. एक आकडा. तो वाचला असता तर पुढचं वर्ष वाचलं असतं. घरात कुणाचं वर्क परमिट असेल तर आत्ता उठून बघा.

त्याच आठवड्यात त्याने लग्नाच्या फाइलचे २,५०० घेतले आणि आय-१३० ची, म्हणजे बायकोने नवऱ्यासाठी भरायच्या अर्जाची, पावती म्हणून एक झेरॉक्स दिली. एकूण झाले ७,४००. (नवऱ्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सचं श्रेयसुद्धा त्याने घेतलं होतं. न्यू जर्सीत मे २०२१ पासून स्टेटस नसलेल्यालाही साधं लायसन्स मिळतं, त्यात याचा काय हात?)

२०२३ च्या उन्हाळ्यात सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं. नवरा कासावीस. आम्ही त्या माणसाला विचारलं, जाता येईल का? "कार्ड आहे ना, जाऊन या," म्हणाला, पाणी पिता पिता. वर्क परमिटवर परत येता येत नाही. शिवाय एक वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर गेला की १० वर्षं परत येण्याची बंदी लागते. १९९६ च्या कायद्यातलं कलम आहे ते. बंदी राहिल्याने लागत नाही, बाहेर पाऊल टाकल्यावर लागते. तिकिटं ऐन सुट्टीतली, महाग होती, आणि सासूबाईच म्हणाल्या की नका येऊ, सगळं नीट झालं. नवरा आज इथे आहे तो केवळ एवढ्यामुळे.

जानेवारी २०२४ मध्ये त्या माणसाचा फोन आला. मुलाखतीची तारीख आलीय, तयारीचे २,००० लागतील, आणि ही चार पानं पाठ करा. पानं व्हॉट्सॲपवर आली. रात्री जेवणाच्या टेबलावर नवरा मोठ्याने वाचायला लागला. पहिल्या पानावर त्याचं गाव बरोबर होतं. दुसऱ्या पानावर एका पक्षाच्या लोकांनी त्याच्या वडिलांना घरासमोर मारलं. तो थांबला. मला वाटलं चष्मा शोधतोय. म्हणाला, "आबांना मारलंय गं यांनी."

मग आम्ही पूर्ण अर्जाची प्रत मागितली. महत्प्रयासाने आली. वैवाहिक स्थिती: अविवाहित. अर्ज भरला तेव्हा लग्नाला पाच महिने झाले होते. अर्ज दुसऱ्याने भरून दिला असेल तर त्याचं नाव आणि सही लिहायची जागा असते, ती कोरी. त्या रात्री दोन वाजता मी आय-१३० च्या झेरॉक्सवरचा पावती क्रमांक यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर टाकला. हे फुकट असतं, एक मिनिट लागतं, आणि मी दहा महिने केलं नव्हतं. तो क्रमांक कुणाच्या तरी वर्क परमिटच्या अर्जाचा निघाला. माझ्या नावाने काहीच भरलेलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात न्यूअर्कच्या एका वकीलबाईंकडे गेलो. सल्ल्याचे २०० डॉलर. परवाना राज्याच्या साइटवर आधी तपासून घेतला, शहाणपण उशिरा का होईना. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "देशात कसे आलात?" विमानाने, व्हिसावर, शिक्का मारून. आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, आहे? आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको जर तपासणी होऊन, रीतसर आत आलेली असेल, तर नंतरचा ओव्हरस्टे आणि परवान्याशिवाय केलेलं काम, दोन्ही ग्रीन कार्डाच्या आड येत नाही. आय-१३० आणि आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र, इथेच बसून. २०२२ मध्ये आम्ही तो जिना चढलो तेव्हा या सरळ मार्गाची सगळी सरकारी फी, वर्क परमिटसकट, १,७६० डॉलर होती.

सीमा ओलांडून, तपासणी न होता आलेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना बहुतेक वेळा बाहेर जाऊन यावं लागतं, आणि त्याआधी १० वर्षांच्या बंदीसाठी माफीचा अर्ज इथूनच मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणूनच "कसे आलात" हा प्रश्न न विचारता जो पैशाचा आकडा सांगतो, त्याच्यासमोरून उठा. आमच्या माणसाने तो दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

पण आता आमचा रस्ता सरळ उरला नव्हता. खोटी असायलम गोष्ट साधी नसते. जाणूनबुजून रचलेला अर्ज ठरला तर इमिग्रेशनचा कुठलाच लाभ कायमचा मिळत नाही. "मी वाचलं नव्हतं" याला फारशी किंमत नाही, सही सही असते. बाईंनी मुलाखतीची तारीख पुढे मागून घेतली, सरकारकडून आमच्या फाइलची पूर्ण नक्कल मागवली, लग्नाचा अर्ज खरा दाखल केला, आणि मग काय घडलं ते जसंच्या तसं लिहून असायलम मागे घेतलं. फाइल तयार होईपर्यंत एप्रिल २०२४ उजाडला, आणि १ तारखेपासून फी वाढली होती: आय-१३० चे ६७५, आय-४८५ चे १,४४० आणि वर्क परमिटचे २६०, मिळून २,३७५ डॉलर. वकीलबाईंचे वेगळे.

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत लग्नाचे फोटो, एकत्र बँक खातं, घराचं भाडं यावर जेवढा वेळ गेला त्याहून जास्त त्या चार पानांवर गेला. अधिकारी उद्धट नव्हता. फक्त एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारत राहिला. निर्णय अजून नाही. नकार आला तर सरळ इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येऊ शकते, फेब्रुवारी २०२५ पासून धोरण तसं कडक झालंय. आम्ही पत्रपेटी उघडायची पाळी वाटून घेतलीय.

तो माणूस? ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा व्हॉट्सॲप मेसेज सगळ्या गिऱ्हाइकांना आला: नागरिकांच्या जोडीदारांसाठी सरकारची नवी योजना, ३,००० डॉलर, जागा मर्यादित. योजना खरी होती, त्याच महिन्यात सुरू झालेली, सरकारी फी ५८०. पण ती तपासणीविना आलेल्यांसाठी होती. माझा नवरा तिच्यात बसतच नव्हता, आणि 'जागा' वगैरे काही नव्हत्या. टेक्सासच्या कोर्टाने नोव्हेंबरात ती रद्दही केली. किती जणांनी त्याला पैसे दिले असतील, विचार करवत नाही. न्यू जर्सीत वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधी नसताना इमिग्रेशनचा सल्ला विकणं गुन्हा आहे. आम्ही तक्रार दिली. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही, फक्त व्हॉट्सॲप आहे. मेसेज पुसू नका, एवढं मात्र सांगते.

त्या मुलीला मी वकिलांचं नाव दिलं. आणि वकील परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींची राज्यवार यादी सरकारी साइटवर असते. सेवाभावी संस्थांत बसतात ते, कमी पैशात किंवा फुकट काम करतात. तिचा नवराही व्हिसावरच आलेला होता. म्हणजे मार्ग असू शकतो, हे ऐकून तिला रडू आलं. मला जरा रागच आला, माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नाही म्हणून. पण मी तरी कुणाला विचारलं होतं?

एक राहिलं. असायलम मागे घेताना वकीलबाईंना सासरे जिवंत असल्याचा पुरावा हवा होता. नवऱ्याने रविवारी फोनवर विचारलं, पेन्शनसाठी बँकेत देता तो हयातीचा दाखला पाठवाल का? कशाला हवाय, ते सांगायचा धीर त्याला झाला नाही. 'कागदांसाठी', एवढंच म्हणाला. छताकडे धरलेला कॅमेरा खाली आला. आबा म्हणाले, "नोव्हेंबरातला आहे. चालेल का? नाहीतर उद्या जाऊन नवा काढतो."