उमेदवार जुळवणारी ऑनलाइन क्विझ: प्रायमरीच्या तोंडावर मी वापरून बघितली

रेटिंग: पाचपैकी तीन

2018 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदासाठीची ही माझी पहिलीच प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याचं मतदान. सॅन होजेत राहते, एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये बिलिंग बघते. 2020 च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाचे इतके उमेदवार मैदानात होते की कुणाला मत द्यायचं ते मला ठरवताच येईना. भाऊ टेक्सासमध्ये एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. तो म्हणाला, "ताई, आपल्या घरात मत फक्त तुला आहे, नीट बघून दे." म्हणून बसले ही क्विझ घेऊन.

20 प्रश्न, 12 मिनिटं. नाव, ईमेल काही विचारत नाहीत, हे आवडलं. प्रत्येक प्रश्नाखाली एक पट्टी आहे, ती सरकवून तो विषय तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो ते सांगायचं. माझा निकाल असा आला: वॉरन 88 टक्के, सँडर्स 86, बुटिजेज 81, अँड्र्यू यांग 79, बायडन 74. त्या दिवशी तारीख होती 20 फेब्रुवारी, आणि यांगनी 11 तारखेलाच माघार घेतली होती. नऊ दिवसांत यादीतलं एक नाव काढता येऊ नये? पहिल्यांदाच मत देणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

आरोग्य विम्याचा प्रश्न तर मला फार खटकला. "सर्वांना सरकारी विमा असावा का?" हो किंवा नाही. मी दिवसभर विमा कंपन्यांना फोन करते. पेशंटला सहा सेशन मंजूर होतात, सातव्यासाठी पुन्हा ऑथोरायझेशन (विमा कंपनीची परवानगी), फोनवर 40 मिनिटं होल्ड. मला विचाराल तर खरा प्रश्न हा आहे की नोकरीतून मिळणारा विमा जाणार का, आणि जाणार असेल तर किती वर्षांत. सँडर्सना चार वर्षांत सगळ्यांना मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात आणायचंय. वॉरननी नोव्हेंबरमध्ये सांगितलं की आधी सरकारी विम्याचा पर्याय उभा करू, पूर्ण बदलाचा कायदा तिसऱ्या वर्षापर्यंत आणू. बुटिजेजच्या योजनेत ज्याला हवं त्याने मेडिकेअर घ्यावं, बाकीच्यांनी आहे तो विमा ठेवावा. आमच्या काउंटरवर उभ्या असलेल्या पेशंटसाठी या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. क्विझमध्ये सँडर्स आणि वॉरन यांच्यापुढे एकसारखी हिरवी खूण होती.

इमिग्रेशनचंही तेच. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीबद्दल विचारलं, कागदपत्रं नसलेल्यांबद्दल विचारलं. ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेबद्दल एक अक्षर नाही. कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, या मर्यादेमुळे माझा भाऊ 2012 पासून थांबलाय. आमच्या घरात निवडणूक म्हटली की पहिला विषय हाच निघतो.

तरी तीन तारे का? कारण प्रत्येक उत्तराखाली "उमेदवार काय म्हणतो" अशी लिंक आहे आणि ती थेट उमेदवाराच्या स्वतःच्या मांडणीवर नेते. टक्के बाजूला ठेवून मी दोन रात्री तेच वाचलं. पाच कोटी डॉलर्सच्या वरच्या संपत्तीवर दोन टक्के कर, त्यातून पाळणाघराचा खर्च कुठल्याच कुटुंबाला उत्पन्नाच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त पडू नये, हे वॉरननी हिशोबासकट मांडलेलं मला तिथेच सापडलं. माझं मन तिथे ठरलं.

क्विझ जे सांगत नाही ते आता मी सांगते. नोंदणी करताना मी "कुठलाही पक्ष नाही" यावर खूण केली होती. त्यामुळे घरी आलेल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाची निवडच नव्हती! स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती तीनदा उलटून बघितली. कॅलिफोर्नियात अशा मतदाराला डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका मागून घ्यावी लागते. शेवटी सोमवारी, 2 मार्चला, ऑफिस सुटल्यावर व्होट सेंटरवर गेले, जुनी परत दिली, नवी घेतली. दहा मिनिटांचं काम, तिथल्या बाई फार शांतपणे समजावत होत्या.

आणि 15 टक्क्यांचा नियम. राज्यात किंवा तुमच्या मतदारसंघात उमेदवाराला 15 टक्के मतं मिळाली नाहीत, तर तिथले प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) त्याला मिळत नाहीत. वॉरन त्या रेषेच्या आसपास आहेत हे मला माहीत होतं. माहीत असूनही त्यांनाच दिलं, आणि मला ते बरोबर वाटतं. पण शेजारच्या काकूंची गोष्ट वेगळी. त्यांनी बुटिजेजना मत देऊन पाकीट आठवडाभर आधीच पोस्टात टाकलं, आणि 1 मार्चच्या संध्याकाळी बुटिजेज बाहेर पडले. पाठवलेलं मत बदलता येत नाही. काकूंना फार लागलं ते. मतपत्रिका फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच घरी येते. क्विझने निकालाच्या पानावर "दुसरी पसंती कोण, तेही ठरवून ठेवा, घाई करू नका" एवढं लिहिलं असतं तरी काकू थांबल्या असत्या.

काल, 5 तारखेला, वॉरननीही माघार घेतली. आज सकाळी क्विझ पुन्हा उघडली, तर निकालात यांग अजून तसेच आहेत. त्यांच्या सूचना पेटीत दोन ओळी टाकल्यात: माघार घेतलेली नावं रोज काढा, आणि ग्रीन कार्डच्या रांगेवर एक प्रश्न घाला. दुसरी ओळ भावाने सांगितल्याप्रमाणे लिहिली.