पाच लाखांचं सरकारी कार्ड की खासगी पॉलिसी? मराठवाड्यातल्या घरासाठी परीक्षण

सरकारनं सगळ्यांनाच पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कार्ड दिलं, तर आता पॉलिसीचा हप्ता कशाला भरायचा? लातूर असो की परभणी, विमा एजंट दारात आला की पहिला सवाल हाच असतो, आणि तो रास्तच आहे. सरकारी योजना आणि खासगी आरोग्य विमा, दोन्हींचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. बहुतेक बदल ग्राहकाच्या फायद्याचे आहेत. तरीही कार्डावरचा आकडा आणि प्रत्यक्ष उपचार यांच्या मध्ये दोन अटी उभ्या असतात. तुमचा उपचार योजनेच्या यादीत हवा, आणि समोरच्या रुग्णालयाला त्याच विभागासाठी मान्यता हवी. हे आधी पाहिलं नाही तर कार्ड खिशात असूनही बिल भरावं लागतं.

आधी कार्ड. ते आहे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं, आणि ही योजना मराठवाड्याला नवी नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या शुभ्र रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर आधीच लाभ होता, कारण हे जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून वेगळे धरले होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्यातली सगळी कुटुंबं आत घेतली. त्यामुळे इकडे खरा फरक पडला तो सातबारा नसलेल्या शुभ्र कार्डवाल्यांना, म्हणजे दुकानदार, खासगी नोकरदार आणि गाव सोडून शहरात भाड्यानं राहणाऱ्यांना. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे पाच लाख झाले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली आणि उपचारांची यादी तेव्हा १,३५६ वर पोहोचली.

हृदय, कर्करोग आणि मूत्रपिंड या तिन्हींत कार्डाला तोड नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाला खासगी पॉलिसी नव्यानं मिळणंच अवघड. कार्ड मात्र जुना आजार आहे म्हणून कुणाला परत पाठवत नाही. प्रतीक्षा काळ, म्हणजे लाभ सुरू होईपर्यंत थांबणं, नाही, वयाची अट नाही, हप्ता नाही. केमोथेरपी आणि रेडिएशनही यादीत आहे. घरात असा रुग्ण असेल तर बाकी काही वाचायच्या आधी कार्ड काढा.

प्रक्रिया अशी चालते. मान्यताप्राप्त रुग्णालयात दर्शनी भागात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा कक्ष असतो. ॲडमिशनचा कागद करण्याआधी तिथं जायचं, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर उपचाराचा कोड निवडतात आणि पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन प्रस्ताव जातो. अँजिओप्लास्टी असेल तर अँजिओग्राफीची सीडी किंवा चित्रं प्रस्तावाला जोडावी लागतात, आणि स्टेंट टाकल्यावर त्याचं स्टिकर कागदपत्रांत लागतं. अँजिओग्राफी बाहेर करून आलात आणि नुसता कागदी रिपोर्ट आणलात तर प्रस्ताव अडकतो, म्हणून निघतानाच सीडी मागून घ्या. रात्री-अपरात्री इमर्जन्सी आली तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात. अशा वेळी ‘आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देऊ’ असं कुणी म्हणालं तर पैसे भरण्याआधी हेल्पलाइनला फोन लावा. भरलेली अनामत नंतर सोडवून घेताना दमछाक होते.

अडतं कुठं? सगळ्यात जास्त नावात. आधारवर ‘ज्ञानोबा’, रेशनकार्डावर ‘ज्ञानेश्वर’. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. बाळंतपणात गुंतागुंत झाली की नेमक्या त्याच वेळी हे कळतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवून, रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर तपासून, आयुष्मान ॲपवर किंवा सेवा केंद्रात ई-केवायसी करून ठेवणं हे घरात सगळे धडधाकट असतानाचं काम आहे.

दुसरी अडचण मान्यतेची. दारावर योजनेचा फलक असतो, पण मान्यता विभागवार असते. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असेल आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नसेल. ‘योजना आहे का?’ एवढंच विचाराल तर उत्तर ‘आहे’ असंच येणार. ‘या उपचाराला, या डॉक्टरकडे, योजनेत ॲडमिशन होईल का?’ असं विचारायचं. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. तिथं संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं हाच रस्ता. योजनेनं उपचारागणिक ठरवलेले पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, अशी खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. ती खरी असली तरी पेशंटकडून वरचा ‘फरक’ घ्यायला योजनेत मुभा नाही. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया आणि जेवण धरलेलं असतं, शिवाय डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणीही. हे दहा दिवस बहुतेकांना माहीतच नसतात. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलकडे वळण्याआधी आरोग्यमित्राकडे जा.

ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, यात नाही. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, दाताचं काम, दर थोड्या दिवसांनी काढायचे रिपोर्ट हा घरखर्चच राहतो, आणि जुनाट आजाराच्या घरात हाच खर्च वर्षभर कुरतडत असतो.

जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमा ओलांडणाऱ्यांनी आणखी एक बघावं. धाराशिवचा पेशंट सोलापूरला जातो, तिथं काही फरक पडत नाही, कारण राज्यात कुठंही योजना चालते. पण उदगीर, देगलूरची माणसं हैदराबाद गाठतात आणि बीडची ऊसतोड कुटुंबं हंगामात कर्नाटकात असतात. केंद्राच्या यादीत असलेल्या कुटुंबाचं कार्ड देशभर चालतं. फक्त राज्याच्या योजनेतून आत आलेल्या कुटुंबानं परराज्यात ते गृहीत धरू नये. आपलं नाव कुठल्या यादीत आहे हे ऊसतोडीला निघण्याआधीच आयुष्मान ॲपवर पाहता येतं.

सत्तरी पार केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आधारवर नोंदणी होते, आणि कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांना त्यांचे वेगळे पाच लाख मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी हे काढता येतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

आता पॉलिसी. २०२४ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांसाठी नियम बरेच कडक केले. जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला, आधी तो चार होता. सलग साठ महिने हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं थेट रुग्णालयाला देण्याच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा. उशीर झाला आणि रुग्णालयानं वाढीव पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक आदेश आला: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कुटुंबाच्या पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला. वीस हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये वाचले. ही सूट समूह विम्याला नाही, त्यामुळे बँकेनं किंवा पतसंस्थेनं खात्यासोबत गळ्यात मारलेल्या ग्रुप पॉलिसीची पावती नीट वाचा.

तरी पॉलिसीत सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते खोलीभाड्यात. समजा तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, चार दिवस. खोलीचे २४,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंगचे मिळून एक लाख, औषधं आणि तपासण्यांचे ४०,०००. एकूण १,६४,०००. खोली दुप्पट भाड्याची, म्हणून खोलीचे निम्मे आणि त्या एक लाखाचेही निम्मे कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. हातात येतात १,०२,००० आणि खिशातून जातात ६२,०००, तेही विमा तीन लाखांचा असताना. जिथं रुग्णालय खोलीप्रमाणे ओटीचे आणि डॉक्टरांचे दर बदलत नाही, तिथं ही प्रमाणशीर कपात करायला कंपनीला परवानगी नाही. आपल्याकडच्या अनेक मध्यम रुग्णालयांत दर एकच असतात. तसं असेल तर दरपत्रकाची प्रत घेऊन दाव्याला जोडा. यामुळे सुटलेली रक्कम छोटी नसते.

छोट्या दवाखान्यांचंही बघून ठेवा. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर ही पॉलिसीतली रुग्णालयाची नेहमीची व्याख्या. तालुक्यातल्या सहा खाटांच्या दवाखान्यात सलाईन लावून चार दिवस काढले आणि दवाखान्याकडे नोंदणीही नसेल तर दावा अडतो. बिलावर नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं पहिल्याच दिवशी पाहा. ‘निरीक्षणासाठी’ एवढंच लिहिलेलं ॲडमिशनही दाव्यात टिकत नाही. सर्पदंश किंवा अपघात असेल तर एमएलसीची, म्हणजे रुग्णालयानं पोलिसांना कळवलेल्या नोंदीची प्रत लागते.

कमी बजेटमध्ये आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे एकसारख्या अटींची पॉलिसी ठीक आहे. दाव्यातले पाच टक्के आपण भरायचे, खोलीभाडं विमा रकमेच्या दोन टक्के, कमाल ५,००० रुपये. लातूर-नांदेडच्या खोल्यांना हे पुरू शकतं. पुणे-मुंबईला उपचार घ्यायचे तर तोकडं पडेल. अटी एकच असल्या तरी हप्ता कंपनीगणिक वेगळा असतो, तेव्हा तीन-चार ठिकाणी भाव विचारा. फॉर्म भरताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन सगळं लिहा. एजंट ‘राहू द्या, नंतर बघू’ म्हणाला तरी लिहा. दावा नाकारला गेला की भोगायचं तुम्हालाच असतं.

काही जण आता पाच लाखांचं डिडक्टिबल असलेला सुपर टॉप-अप, म्हणजे पहिले पाच लाख सोडून वरच्याच खर्चाचा विमा सुचवतात: पहिले पाच लाख कार्डातून, वरचे टॉप-अपमधून. ही जोडणी आम्ही सुचवणार नाही. योजनेत नसलेल्या रुग्णालयात कार्ड एक रुपयाही देत नाही आणि तिथं पहिले पाच लाख तुमचेच जातात. कार्ड मोठ्या, ठरवून करायच्या उपचारांसाठी राखा आणि यादीबाहेरच्या किंवा जवळच्या योजनेत नसलेल्या रुग्णालयातल्या ॲडमिशनसाठी तीन ते पाच लाखांची साधी बेस पॉलिसी घ्या. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट शेतकरी जोडप्याला आजची ही वाट स्वस्तात पडते. सत्तरीपुढच्या, डायलिसिसवरच्या माणसासाठी नव्या पॉलिसीमागे पैसा घालवण्यात अर्थ नाही.

तक्रारीच्या वाटा दोन आहेत. योजनेत पैसे मागितले किंवा ॲडमिशन नाकारलं तर राज्य योजनेला १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानला १४५५५. फोन पेशंट आत असतानाच करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि दिलेल्या पैशाची पावती मागा, कारण पावतीशिवाय परतावा होत नाही. पॉलिसीच्या बाबतीत आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. मराठवाडा त्यांच्याच अखत्यारीत येतो. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. अर्ज कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत गेला पाहिजे. सोबत नकाराचं पत्र, पॉलिसीची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. नकार फोनवर आला असेल तर तो कलमासह लेखी मागून घ्या.